खाल्लेले अंगाला का लागत नाही?



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही किमान वेतनावर बोलू, कंत्राटी कामगारांवर बोलू, नाही तर नव्या कामगार कायद्यांवर बोलू. आम्ही विषय कळविला : आतड्यातील जिवाणूंचे जनुकवाचन. दोन दिवस त्यांचे उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी विचारले, "विषय हाच ना?" होय, हाच. आणि हा विषय आमच्या कामाबाहेरचा नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण मुरबाडच्या कारखान्यांच्या फाटकांवर, वीटभट्ट्यांवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही इंग्रजी लेख वाचतो, आणि अडले म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला गाठतो. तेव्हा आज आम्ही जे सांगू ते पंडिताने अडाण्यांना सांगितलेले नसून एका शिकणाऱ्याने दुसऱ्या शिकणाऱ्यांना सांगितलेले आहे, असे समजून घ्यावे.

या विषयाकडे आम्हाला एका बाईने वळविले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतर आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, हे आपणांस ठाऊकच आहे. मालकाकडून आठवड्याची खर्ची किती मिळते आणि उचलीतून किती फिटली, याचा हिशेब आम्ही एका भट्टीवर बसून मांडीत होतो. हिशेब संपल्यावर एक बाई पुढे आली. कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल. हातपाय काटकीसारखे, पोट पुढे आलेले. ती म्हणाली, "भाऊ, पोर खातं, पन अंगाला लागत नाय. असं का?"

आम्ही तिला पोटभर खाऊ घालायला सांगितले. शिवाय पोराला जुलाब होतात असे ती म्हणाली, म्हणून झोळीतून दोन गोळ्या काढून दिल्या. त्या काळी जुलाबावरच्या गोळ्यांची पाकिटे आमच्या झोळीत नेहमी असत. जंतू मारणारे औषध ते. कोणाला किती द्यावे, का द्यावे, याचे ज्ञान आम्हाला नव्हते. उपकार करतो आहोत एवढेच समाधान होते. पुढल्या हंगामात ती बाई भट्टीवर पुन्हा दिसली. कडेवर मूल नव्हते. आम्ही विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

तो प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. खाल्लेले अंगाला का लागत नाही? आपल्या भाषेतला हा साधा बोल आहे, पण त्याच्या पोटात एक पुरे शास्त्र दडलेले आहे.

ते शास्त्र जुन्या काळापासून सुरू करू. हॉलंडमधील डेल्फ्ट गावात लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा दुकानदार होता. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते. कापडाचा धागा तपासण्याच्या भिंगाचा नाद लागला आणि तो स्वतः भिंगे घासू लागला. १६८१ साली स्वतःला जुलाब झाले असता त्याने तेच भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. पुढे दोन वर्षांनी आपल्या दातांवरच्या किटणातही त्याला तसलेच जीव दिसले. माणसाच्या अंगात दुसऱ्या जीवांची वस्ती आहे, हे अशा रीतीने एका स्वयंशिक्षित दुकानदाराने जगाला दाखविले. आमच्यासारख्याला त्यामुळे धीर येतो.

पुढे दोनशे वर्षांनी जंतुशास्त्र उभे राहिले. पटकी, विषमज्वर, क्षय यांचे जंतू सापडले. मुंबईत प्लेगच्या काळात हाफकिन यांनी लस तयार केली. या थोर कामाची एक दुसरी बाजू अशी झाली की जंतू म्हणजे शत्रू, ही समजूत घराघरांत पक्की बसली. आतड्यात जे असंख्य जिवाणू निमूटपणे नांदत होते त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पाहणे कठीणही होते. जिवाणू ओळखायचा तर त्याला काचेच्या बशीत वाढवावा लागे, आणि आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना हवेतला प्राणवायू सोसत नाही. बाहेर काढले की ते मरतात.

हे जिवाणू किती असतील? २०१६ साली इस्रायल व कॅनडामधील शास्त्रज्ञांनी फिरून हिशेब केला. एका प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. जिवाणूंचे सगळे वजन मात्र पावशेराच्या आसपास. म्हणजे मोजणीने पाहिले तर आपल्या देहात आपणच अल्पसंख्य आहोत!

आता जनुकवाचन म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो. त्यावर चारच अक्षरांत सारा मजकूर लिहिलेला असतो. ए, टी, जी, सी ही ती चार अक्षरे. माणसाचा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. जिवाणूचा त्या मानाने आटोपशीर असतो. १९९५ साली प्रथमच एका स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाणूचा संपूर्ण मजकूर वाचला गेला. तो सुमारे १८ लाख अक्षरांचा निघाला. या संपूर्ण मजकुरालाच जीनोम म्हणतात.

हा मजकूर एका दमात वाचता येत नाही. समजा, एकाच पोथीच्या शंभर प्रती घेतल्या आणि त्या सगळ्या फाडून बारीक तुकडे केले. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटेल. मग एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळतो का, हे पाहत पाहत मूळ पोथी पुन्हा लावता येईल. यंत्रे तुकडे वाचतात आणि संगणक ते जुळवितो. आतड्याच्या बाबतीत एका पोथीचे नव्हे, तर शेकडो वेगवेगळ्या पोथ्यांचे तुकडे एकाच पोत्यात मिसळलेले असतात. तेही आता लावता येतात. २०१० साली युरोपात १२४ माणसांच्या विष्ठेतील मजकूर वाचला गेला, तेव्हा जिवाणूंची सुमारे ३३ लाख निरनिराळी जनुके मोजली गेली. माणसाच्या स्वतःच्या जनुकांच्या मानाने ही संख्या जवळजवळ दीडशे पट होती.

वाचनाचे दोन प्रकार आहेत, आणि ते कामगाराच्या भाषेत चांगले समजतात. पहिला प्रकार म्हणजे मस्टर. कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतात, तशी आतड्यातली हजेरी. प्रथिने तयार करण्याचे जे यंत्र जिवाणूच्या पेशीत असते, त्याच्या एका भागाचे जनुक सर्व जिवाणूंत आढळते, पण जातीगणिक त्याच्या अक्षरांत थोडा फरक असतो. त्या फरकावरून जात ओळखता येते. ही वाट अमेरिकेतील कार्ल वूझ यांनी १९७७ च्या सुमारास दाखविली. जिवाणू बशीत वाढविण्याची गरज राहिली नाही. तो मेलेला असला तरी त्याची हजेरी लागते.

पण मस्टरवर नाव आहे एवढ्यावरून तो माणूस फिटर आहे, वेल्डर आहे की हेल्पर आहे, हे कळत नाही. त्यासाठी दुसरा प्रकार : संपूर्ण जीनोम वाचणे. त्यावरून त्या जिवाणूला कोणकोणती कामे येतात ते समजते. कोणता पिष्टमय पदार्थ त्याला फोडता येतो, कोणते जीवनसत्त्व तो तयार करू शकतो, कोणत्या औषधाला तो दाद देणार नाही, हे सारे त्यात लिहिलेले असते. मात्र काम येणे आणि काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्ही युनियनवाल्यांनी तुम्हाला सांगावयास नको. म्हणून जीनोममध्ये वाचलेले प्रत्यक्ष प्रयोगाने पडताळून पाहावे लागते.

असे काम आपल्या पुण्यात झालेले आहे. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेली आघारकर संशोधन संस्था आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, या दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी ते मिळून केले. शौचे, रानडे, लांजेकर, मराठे, शेट्टी ही त्या निबंधांवरील नावे. २०१२ साली त्यांनी दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका छपराखाली तीन पिढ्या, खाणे सारखेच. तरीही आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या आतड्यातील जिवाणूंचे प्रमाण वयाप्रमाणे बदलत गेलेले त्यांना आढळले. एकत्र कुटुंब ही अशा अभ्यासाची आयती प्रयोगशाळा आहे, हे त्यांनी हेरले.

पुढल्याच वर्षी, २०१३ साली, त्यांनी दोन निरोगी माणसांच्या विष्ठेतून मिळविलेल्या दोन जिवाणूंच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेपासून जपून वाढविलेले हे जिवाणू मेगास्फेरा कुळातले. मेगास्फेरा म्हणजे मोठा गोल. याच कुळातला एक जिवाणू गाईगुरांच्या पोटात रवंथाच्या कप्प्यात राहतो. त्याच्या जीनोमशी या दोघांची तुलना केली. माणसाच्या आतड्यातल्या या जिवाणूंजवळ निरनिराळ्या पिष्टमय पदार्थांवर काम करणारी विकरे अधिक निघाली. अन्न बदलले तशी हत्यारेही बदलली, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. ब्युटिरेट नावाचे एक आम्ल, काही जीवनसत्त्वे आणि आवश्यक अमिनो आम्ले तयार करण्याची कुवतही जीनोममध्ये दिसली, आणि ती त्यांनी प्रयोगशाळेत पडताळून पाहिली. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन म्हणजे हे ब्युटिरेट. २०१४ साली या नव्या जातीचे बारसे झाले. नाव ठेवले मेगास्फेरा इंडिका. आपल्या देशाचे नाव धारण करणारा हा जीव माणसाच्या आतड्यात राहतो, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

त्याच जीनोममध्ये आणखी एक गोष्ट दिसली : काही जंतुनाशक औषधांना तोंड देण्याची तयारी. ते वाचताना आम्हाला आमची झोळी आठवली. आम्ही वाटलेली गोळी रोगाच्या जंतूंना मारीत असेल, नसेलही. पण चुलीवरच्या अन्नाचे इंधन करणाऱ्या या निरुपद्रवी रहिवाशांनाही ती मारीत होती, आणि जे तिला दाद देत नाहीत त्यांना मागे ठेवीत होती. संपात फूट पाडणारे नेमके मागे राहावेत आणि प्रामाणिक कामगारांना घरी बसविले जावे, तसा हा प्रकार. अनेक जुलाबांत त्या गोळीची गरजच नसते. गरज असते मीठ-साखरेच्या पाण्याची. गोळी कधी लागते ते डॉक्टरने ठरवावे, झोळीवाल्याने नव्हे.

२०१६ साली पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी भारतीय माणसांच्या हजेरीची इतर देशांतील माणसांशी तुलना केली. आपल्या लोकांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ही दोन कुळे ठळकपणे अधिक आढळली. प्रिव्होटेला हे मुख्यत्वे धान्य, कडधान्य, पालेभाजी खाणाऱ्यांत दिसणारे कूळ. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात बूलपोन नावाच्या खेड्यात बाजरी, ज्वारी आणि चवळी खाणारी मुले आहेत. २०१० साली त्यांची तुलना इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या मुलांशी झाली. त्या खेड्यातील मुलांत प्रिव्होटेला भरपूर होते, आणि धान्याचा कोंडा फोडणारी जनुकेही होती. आम्ही ते वाचले तेव्हा डोळ्यांपुढे नागलीची भाकरी आली. आपल्या डोंगरउतारावरची नागली, वरई, पावसाळ्यातली शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, हे ज्यांना आपण गरिबाचे खाणे म्हणतो, त्यांतला चोथा माणसाच्या जठराला पचत नाही. तो पुढे जाऊन या जिवाणूंचे जेवण होतो. आपण जेवतो तेव्हा पंगत एकट्याची नसते.

आता ही पंगत मोडली म्हणजे काय होते? टांझानियातील हाडझा नावाचे लोक शिकार आणि कंदमुळे यांवर जगतात. ऋतूप्रमाणे त्यांच्या आतड्यातील काही जिवाणू नाहीसे होतात आणि ऋतू फिरला की पुन्हा दिसू लागतात, असे २०१७ साली आढळले. हे वाचून आम्हाला पावसाळ्यात घरी आणि उन्हाळ्यात भट्टीवर असणारी आपली माणसे आठवली. पण पुन्हा येणे हे नेहमीच घडत नाही. २०१६ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. त्यांच्या अन्नातला चोथा काढून घेतला. पहिल्या पिढीतच वस्ती रोडावली, पण चोथा परत दिल्यावर ती बरीचशी सावरली. तोच निःसत्त्व आहार चार पिढ्या चालविल्यावर मात्र काही जिवाणू असे गेले की चोथा परत देऊनही आले नाहीत. उंदराचे ते माणसाचे, असे घाईने म्हणता येणार नाही. पण नागली सोडून चौथी पिढी उजाडण्याच्या आत विचार करावा, एवढा इशारा त्यात आहे.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. आफ्रिकेतील मलावी देशात जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या जन्मानंतर तीन वर्षे पाहण्यात आल्या. एकाच आईची, एकाच घरची जुळी. पण काही जोड्यांत एक मूल कुपोषणाने सुजले आणि दुसरे धडधाकट राहिले. अशा मुलांच्या आतड्यातील जिवाणू निर्जंतुक वाढविलेल्या उंदरांत सोडले. दोन्ही गटांना मलावीचेच निकस अन्न दिले. ज्यांच्यात आजारी मुलाचे जिवाणू होते ते उंदीर झपाट्याने रोडावले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा अन्न अंगाला लागणे हे अन्नावर तर अवलंबून आहेच, पण आतड्यात कोण राहतो यावरही अवलंबून आहे. पुढल्या वर्षी बांगलादेशातील अभ्यासाने दाखविले की कुपोषित मुलाच्या आतड्यातील वस्ती त्याच्या वयाच्या मागे राहिलेली असते. मूल वाढते, वस्ती तान्हीच राहते. नेहमीचा पौष्टिक आहार दिल्यावर ती थोडी सुधारते, आणि पुन्हा मागे पडते.

यावर काही उपाय? ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना तीन महिने एक खास खाऊ दिला. जिवाणूंची नीट वाढ कशाने होते, हे आधी तपासून तो बेतलेला होता. त्यात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चे केळे होते. तुलनेसाठी दुसऱ्या मुलांना नेहमीचा तयार पौष्टिक खाऊ दिला. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. नव्या खाऊत उष्मांक कमी असूनही त्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. श्रोतेहो, या चारही वस्तू आपल्या शहापूरच्या बाजारात मिळतात. त्या विलायतेहून आणावयाच्या नाहीत.

पण एवढ्यावर टाळी वाजवून घरी जाऊ नका. खाऊ एका हाताने द्यावा आणि दुसऱ्या हाताने घाण पाणी पाजावे, तर काय साधणार? घाणीतले जंतू पुन्हा पुन्हा पोटात गेले म्हणजे आतड्याच्या आतले केसासारखे अंकुर झिजतात. अन्नरस शोषून घेणारे तेच. ते झिजले की खाल्लेले तसेच वाहून जाते. आणि पाण्याची आपली कथा काय आहे? तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे भातसाही झाले. दोन्ही आपल्या शहापूर तालुक्यात. मुंबईची तहान त्यांवर भागते, आणि याच तालुक्यातले पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात. भट्टीवर तर डबक्यातले पाणी. तिकडे गेलेल्या पोराचे नाव गावच्या अंगणवाडीत असते, आणि पोर भट्टीवर असते. २०१५ साली आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना निघाली. गरोदर बाईला एक वेळचे जेवण, पोरांना अंडी-केळी. चांगली योजना, पण जेवणाचे ताट गावात आणि जेवणारे तोंड भट्टीवर, असे झाले तर ते ताट कोणाच्या उपयोगाचे?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. आतड्यातील जिवाणूंचे जीनोम वाचून शास्त्राने जे दाखविले ते हे, की माणसाचे पोट ही त्याची एकट्याची खासगी गोष्ट नाही. पाणी, मजुरी, शेतातले पीक, दुकानातली गोळी, आईच्या कामाचे तास, या साऱ्यांची नोंद तिथे होते. ती नोंद आता वाचता येते. पूर्वी आम्ही मालकाला सांगत असू की भट्टीवर स्वच्छ पाणी द्या, तर तो म्हणे, 'या लोकांना सवय आहे.' सवय नाही; झीज आहे. आणि ती दाखविता येते.

आणखी एक गोष्ट. उद्या कोणी शास्त्रज्ञ आपल्या पाड्यावर नमुने मागावयास आले तर त्यांना हाकलून देऊ नका. आपले लोक या वहीत नोंदले गेले नाहीत तर औषधे आणि आहार दुसऱ्यांच्या पोटाच्या मापाने बेतले जातील. पण नमुना देणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे, त्याची खुशी घेतली पाहिजे, आणि काय निघाले ते परत येऊन त्याच पाड्यावर सांगितले पाहिजे. घाम गाळणाऱ्याला हिशेब मागण्याचा जो हक्क आहे, तोच इथेही आहे. आणि पोटातले जिवाणू वाढवितो म्हणून कोणी महागडी बाटली विकू लागला, तर आधी घरातली नागली, कडधान्य आणि ताक आठवा.

आमच्या झोळीत आता त्या गोळ्या नसतात. मीठ-साखरेच्या पुड्या असतात, आणि जवळच्या आरोग्यकेंद्राचा पत्ता असतो. ती बाई पुन्हा भेटली आणि तिने तोच प्रश्न विचारला, तर आज आम्ही तिला उत्तर देऊ शकू. मावशी, तुझे काही चुकले नाही. तू घास भरविलास. पण त्या घासाचे पुढे रक्त करणारी जी माणसे तुझ्या पोराच्या पोटात असावयास हवी होती, त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे नांदू दिले नाही. पाण्याने, उपासाने, आणि आमच्या गोळीने.

हे उत्तर तिला द्यावयास पंधरा वर्षांचा उशीर झाला. निदान या वर्षी दिवाळीनंतर जी पोरे आईच्या कडेवर बसून भट्टीवर जातील, त्यांच्यासाठी पाण्याचा पिंप आणि अंगणवाडीचे ताट त्यांच्या आधी तिथे पोहोचले पाहिजे. तेवढे काम आपण शहापूर-मुरबाडचे लोक मिळून करू शकतो. त्यासाठी जीनोम वाचता यावा लागत नाही.